अठरा पूर्ण झाल्यावर : विशेष मुलांचे हक्क आणि शाळेनंतरची तयारी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

संयोजकांनी विषय कळवला तेव्हा एक अटही घातली होती. म्हणाले, ताई, कायद्याची माहिती द्या, पण कायद्याचं भाषण नको. मी वकील नाहीच. विशेष शिक्षिका आहे. डोंबिवली आणि कल्याणच्या मुलांबरोबर वीस-बावीस वर्षं काम केलं. कायदा मी पुस्तकात शिकले नाही, पालकांबरोबर ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत रांगेत बसून शिकले. म्हणून आज तसंच बोलणार आहे, रांगेत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

कल्याण पश्चिमेच्या एक बाई आहेत. नाव सांगत नाही. मुलाला सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अक्षमता. नवरा अपघातात गेला. विम्याचे आणि कंपनीचे जे काही पैसे आले ते बाईंनी मुलाच्या नावावर मुदत ठेवीत टाकले, 'अज्ञान, पालक आई' असं लिहून. त्याच्या व्याजावर फिजिओथेरपी चालायची. मुलाचा अठरावा वाढदिवस आम्ही शाळेत केला, केक कापला, टोप्या घातल्या. पंधरा दिवसांनी बाई बँकेत गेल्या. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, खातेदार आता सज्ञान झालेत. त्यांची सही लागेल." बाई म्हणाल्या, "तो सही करू शकत नाही." "मग कोर्टाचं नाहीतर कलेक्टरचं पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. तोपर्यंत खातं थांबलेलं राहील."

ते खातं सात महिने थांबलं. त्या काळात थेरपी बंद झाली आणि मुलाचे गुडघे पुन्हा आखडले. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना राग बँकेचा नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, कालपर्यंत मी त्याची आई होते. आज मी कोण?"

या प्रश्नाचं कायद्याने दिलेलं उत्तर फार कोरडं आहे, पण ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून आधी तेच.

आपल्याकडे सज्ञान होण्याचा कायदा १८७५ सालचा आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. त्यात 'बुद्ध्यांक अमुक असेल तर' असं कुठेही नाही. आपण घरात म्हणतो, "अहो, त्याचं मानसिक वय सहा वर्षांचं आहे." डॉक्टरही तसं लिहून देतात. पण कायदा कॅलेंडर बघतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात दिल्लीचं एक प्रकरण आलं होतं. अडतीस वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली स्त्री. तिच्यावर अत्याचार झाला होता. तिचं मानसिक वय सहा ते आठ वर्षांचं आहे, म्हणून तिला पोक्सो कायद्याखाली 'बालक' धरा, अशी मागणी होती. किती योग्य वाटते ऐकायला! न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण मान्य केलं नाही. वय म्हणजे जन्मापासून मोजलेलं वय, असा निकाल दिला.

म्हणजे काय झालं? आई-वडील नैसर्गिक पालक असतात ते मूल अज्ञान असेपर्यंत. अठराव्या वाढदिवसाला ते नातं संपत नाही, पण त्या नात्यातून येणारा सहीचा अधिकार संपतो. ही गोष्ट तुमच्या-माझ्या मुलांच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच या मुलांच्या बाबतीत. इंजिनियरिंगला गेलेल्या मुलाच्या बँकेत तरी तुम्ही कुठे सही करू शकता? फरक इतकाच की तो स्वतः करतो.

आता इथे दोन कायदे शेजारी शेजारी उभे आहेत, आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा. हा चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी आहे : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. डाऊन सिंड्रोमची मुलं बौद्धिक अक्षमतेत येतात. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती नेमली आहे. तिला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे 'एलएलसी' म्हणतात. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, अशी तिची रचना. अठरा वर्षांवरच्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमायचा अधिकार या समितीला आहे. कोर्टात जायची गरज नाही, वकील लागत नाही. हा फार मोठा दिलासा आहे आणि तो बऱ्याच पालकांना माहीतच नसतो.

दुसरा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्यातून हा आला. तो म्हणतो, दिव्यांग माणसालाही इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. पहिल्यांदा त्याला निर्णय घ्यायला मदत करा. तेवढ्याने भागत नसेल तरच 'मर्यादित पालकत्व' द्या, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे चालणारं. कलम १४ वाचा. त्यात असंही म्हटलंय की इतर कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकसुद्धा आता मर्यादित पालक म्हणूनच काम करेल.

पहिल्या कायद्यात संरक्षणाचा भाव आहे, दुसऱ्यात हक्काचा. पालक मला विचारतात, "मॅडम, मग नक्की कुठला धरायचा?" व्यवहारात आज ठाणे जिल्ह्यात पालक जातात ते स्थानिक समितीकडेच, कारण बँकांना तो कागद ओळखता येतो. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलंय की या समितीचं प्रमाणपत्र चालेल. शाखेत कुणी "फक्त कोर्टाचंच हवं" म्हणालं तर हे शांतपणे सांगा. शाखेतल्या माणसाला माहीत नसतं, त्याची बदली दर तीन वर्षांनी होते. त्याच्याशी भांडू नका. लेखी नकार मागा. लेखी नकार मागितला की बऱ्याचदा साहेब परिपत्रक शोधायला लागतात!

समितीपर्यंत कसं पोचायचं ते सांगते. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, भिवंडी, मुरबाड, शहापूर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, या सगळ्यांना एकच समिती, ठाण्याची. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तरीही या जिल्ह्यात सहा महापालिका उरल्या आहेत. म्हणजे भार बघा. कायद्यात लिहिलंय की समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बसावं. तुमचा अर्ज एका बैठकीला हुकला की पुढची तारीख. म्हणून मी सांगते, सतरावं लागलं की कागद गोळा करायला लागा. अपंगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, फोटो, भावंडं मोठी असतील तर त्यांची हरकत नसल्याचं पत्र. अर्जाला 'फॉर्म ए' म्हणतात. तो शक्यतो नोंदणीकृत संस्थेच्या मदतीने भरा, त्यांना रोजचं माहीत असतं.

यूडीआयडीवरून आठवलं. बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यमापनाच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा करून घ्यायचं असतं, आणि अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. कितीतरी घरांत लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलेलं असतं. त्यावरची मुदत बघा. अठराव्या वाढदिवसानंतरची पहिली फेरी सिव्हिल हॉस्पिटलची असते, समितीची दुसरी. हा क्रम उलटा केला की चार चकरा वाढतात. लहानपणी पॅन कार्ड काढलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, तेही बदलायचं.

समिती काय बघते? कायद्याच्या कलम १४ मध्ये दोन प्रश्न दिलेत. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का? आणि असेल तर कशासाठी? हे दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. आपण पालक अर्जात लिहितो, "सर्व बाबींसाठी." का? एखादी मुलगी स्वतः कपडे निवडते, कुणाबरोबर राहायचं ते सांगते, दवाखान्यात कुठे दुखतंय ते दाखवते, पण मुदत ठेव म्हणजे काय ते तिला कळत नाही. तिला पैशांपुरता पालक पुरे आहे. उद्देशाच्या रकान्यात तेवढंच लिहा.

पालक झालात की कामही आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची. दरवर्षी आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. खरं सांगू? फार कमी जण देतात. आई-वडिलांना वाटतं, माझ्याच पोराचा हिशेब मी कुणाला देऊ? पण उद्या तुमच्या जागी पुतण्या येईल, भाचा येईल. तेव्हा हाच हिशेब तुमच्या मुलाला वाचवणार आहे. पालक गैरवापर करतोय, हेळसांड करतोय असं दिसलं तर नातेवाईक किंवा संस्था त्याला काढण्याचा अर्ज करू शकतात. हिशेबाची सवयच नसेल तर गैरवापर दिसणार कुठून?

आता मी जरा नावडतं बोलणार आहे. समोर बहुतेक आई-वडील आहेत, म्हणून मुद्दाम.

दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार ही साधी गोष्ट नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत, आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. तेव्हाचा शब्द 'मतिमंद'च होता, म्हणून तो वापरला. कारण काय दिलं? मासिक पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांची पालक म्हणून व्यवस्थाच होती, आणि व्यवस्थेने होकार दिला. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात चर्चा झाली होती आणि माझी आजी म्हणाली होती, "बरंच केलं की!" आजी वाईट नव्हती. तिला सांभाळणाऱ्या बाईचा त्रास दिसत होता, त्या मुली दिसत नव्हत्या.

याच्यासमोर २००९ चा चंदिगढचा निकाल ठेवा. सरकारी संस्थेत राहणारी, अनाथ, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली तरुणी. अत्याचारातून दिवस गेले. उच्च न्यायालयाने गर्भपात करायला सांगितलं. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणाले, ती सज्ञान आहे, गर्भपाताच्या कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिच्या संमतीशिवाय हे करता येणार नाही. हा निकाल सगळ्यांना पटत नाही. आमच्या पालकसभेत यावर दोन तास वाद झाला होता. मला स्वतःलाही उत्तर सोपं वाटत नाही. पण एक नक्की, प्रश्न तिला विचारला गेला.

तर अठरावं वर्ष म्हणजे नुसती अडचण नाही. त्या दिवशी तुमच्या मुलाला कायद्याने 'मला विचारा' असं म्हणायचा हक्क मिळतो. बँकेत तो हक्क अडथळा वाटतो, ऑपरेशन थिएटरच्या दारात तोच हक्क भिंत होऊन उभा राहतो.

बरं. आता शाळेकडे येऊ. माझा खरा विषय हा आहे.

२०१६ च्या कायद्याचं कलम ३१ सांगतं की चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. अठरापर्यंत. मग? मग आमच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला देतात, हार घालतात, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी गणवेश घालून दारात उभा राहतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. रिक्षा का येत नाही हे त्याला कळत नाही. मी अशी मुलं बघितली आहेत जी पहिले तीन महिने रोज डबा भरायला लावतात. नंतर टीव्ही. नंतर वजन वाढतं, चिडचिड वाढते, मारामारी सुरू होते, आणि लोक म्हणतात, "मोठा झाला, आता आवरत नाही." त्याचा दिवसच काढून घेतलाय, आवरेल कसा?

अमेरिकेत आपली मराठी कुटुंबं आहेत, माझी मामेबहीण न्यू जर्सीला आहे, म्हणून तिथली पद्धत जवळून कळली. तिथे कायद्याने मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, फार तर सोळाव्या वर्षापासून, शाळेनंतरचं नियोजन लिहावंच लागतं. मूल सज्ञान होण्याच्या किमान एक वर्ष आधी शाळेने सांगावं लागतं की आता हक्क तुमच्याकडून मुलाकडे जाणार आहेत. आपल्या कायद्यात प्रौढ शिक्षणाचं कलम आहे, व्यवसाय प्रशिक्षणाचं कलम आहे, १८ आणि १९. पण 'हे मूल शाळेतून कुठे जाणार' हे लिहून काढायची जबाबदारी कुणा एका शाळेवर टाकलेली नाही. तिकडे सगळं छान आहे असं नाही, बहीण तिथेही रडते. पण ती निदान एका टेबलाशी बसून रडते, जिथे शिक्षक, पालक आणि मुलगा तिघं असतात.

ते टेबल आपण मांडू शकतो. त्याला सरकारी आदेश लागत नाही. चौदाव्या वर्षी मांडा. एक साधी वही घ्या. त्यात बुद्ध्यांक लिहू नका, तो फाइलमध्ये आहेच. लिहा : सकाळी कोण उठवतं? अंघोळ स्वतः करतो का, दार लावून करतो का? शंभर रुपये दिले तर किती परत यायला हवे ते कळतं का? अनोळखी माणसाने हात धरला तर काय करतो? फोनवर आपलं नाव आणि स्टेशन सांगता येतं का? कशात रमतो? कशाचा कंटाळा येतो? आणि मग दर वर्षी दोनच गोष्टी निवडा.

आमच्याकडे एका मुलाने सोळाव्या वर्षी डोंबिवली ते ठाणे लोकल शिकायला घेतली. हसू नका, तुम्हाला सकाळची आठची लोकल माहीत आहे! आम्ही दुपारी बाराची धरली. दिव्यांगांच्या डब्यातून. पहिले दोन महिने शिक्षक शेजारी, मग समोरच्या बाकावर, मग पुढच्या स्टेशनला उभे. अकरा महिने लागले. एकदा तो मुंब्र्याला उतरला. आम्ही सगळे घामाघूम. तो प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिला होता, कारण 'चुकलास तर बस आणि फोन कर' हे त्याला सगळ्यात आधी शिकवलं होतं. आज त्याच्या आईला मी विचारलं की अपंगत्व किती टक्के, तर ती टक्के सांगत नाही, म्हणते "ठाण्यापर्यंत जातो."

सही शिकवा. नाव पूर्ण लिहिता आलं नाही तरी चालेल, रोज एकसारखी येणारी खूण हवी. अंगठाही चालतो, पण सहीने माणूस जरा ताठ बसतो, हे मी पाहिलंय. 'नाही' म्हणायला शिकवा. विशेष शाळांत आम्ही वर्षानुवर्षं ऐकायलाच शिकवतो, बस, उठ, हात जोड. मग बाहेर कुणीही सांगितलेलं ऐकणारं माणूस तयार होतं. ही आमची चूक आहे, मी स्वतः ती केली आहे.

कामाचं सांगते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण, त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्या गटासाठी एक टक्का. कागदावर आहे, आपल्या मुलांच्या वाट्याला क्वचित येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. कर्मशाळा आहेत. तिथे पणत्या रंगवणं, पाकिटं, कागदी पिशव्या, राख्या. वाईट नाही. पण आपल्याकडे एक गंमत आहे, अठरा वर्षांनंतरचं प्रत्येक मूल पाकिटंच करतं! त्याला आवडतं का, हे विचारलेलं नसतं. डाऊन सिंड्रोम असलेली आमची एक मुलगी पाकिटं चिकटवताना झोपायची. आईला वाटायचं आळशी आहे. वहीत लिहिलेलं होतं, 'स्वयंपाकघरात रमते, कणकेचे गोळे एकसारखे करते.' डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना काय तोटा? एका ओळखीच्या काकूंच्या केंद्रात तिला सकाळी तीन तास बसवलं. गोळे करते. महिन्याच्या शेवटी पैसे पाकिटात घालून हातात मिळतात, आईच्या नाही, तिच्या. पहिल्या पगारात तिने भावाला वडापाव दिला आणि उरलेले परत द्यायला तयार झाली नाही. हे तिचं पहिलं आर्थिक स्वातंत्र्य म्हणायला हरकत नाही.

महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा, असा राज्याचा नियम आहे. कल्याण-डोंबिवली असो की ठाणे, आपल्या भागातल्या प्रौढ मुलांसाठी त्यातून काय झालं, हे पालकसंघाने दर वर्षी लेखी विचारलं पाहिजे. एकट्याने नाही, पंचवीस जणांनी सही करून.

आणि शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक पालकसभेत चहाच्या वेळी येतो. आमच्यानंतर काय?

याला एक उत्तर आपल्याच परिसरात पालकांनी उभं केलंय. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, प्रौढ मुलांचं निवासी घर. ते कुणी सरकारने बांधून दिलं नाही, पालक एकत्र आले म्हणून झालं. जाऊन बघा. आपलं मूल तिथे ठेवायचंय म्हणून नाही, तर ते आपल्याशिवाय राहू शकतं हे बघायला. मी पालकांना सांगते, मूल वीसचं झालं की वर्षातून आठ दिवस त्याला दुसरीकडे राहू द्या, मावशीकडे, काकाकडे, शिबिरात. आईच्या हातूनच जेवणारा मुलगा आई गेल्याच्या दिवशी दोन माणसं गमावतो, आई आणि जेवण भरवणारी.

पैशांची व्यवस्था थोडक्यात. मृत्युपत्र करा. मुलाच्या नावावर थेट फ्लॅट करण्याआधी वकिलाला विचारा, कारण पुढे तो विकायचा तर पालकाची सही एकटी पुरणार नाही. खासगी विश्वस्त निधी करता येतो. नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो, आणि नूतनीकरण विसरू नका. इथे रेल्वेतले, ऑर्डनन्स फॅक्टरीतले, पालिकेतले बरेच पालक दिसतायत. जे मूल स्वतः कमवू शकत नाही त्याला तुमच्यामागे कौटुंबिक निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. पण त्याचं नाव आणि अपंगत्व तुमच्या सेवापुस्तकात, कुटुंबाच्या तपशिलात, तुम्ही हयात असताना नोंदलेलं असेल तर काम सोपं. सोमवारी ऑफिसला गेलात की आधी ते पान बघून या.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, सतरा पूर्ण झालीत. त्याच्यासाठी पालकत्व घ्यावं लागेल का?

नाही. अजिबात नाही. नॅशनल ट्रस्टचा कायदा त्याला लागूच नाही, आणि त्याला गरजही नाही. तो सगळं स्वतः सही करेल. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव असतात, त्याचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांवर असेल तर त्याचा उपयोग करा. मानसिक आजाराचंही वेगळं आहे. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागतो, त्यात माणूस स्वतःच आपला प्रतिनिधी नेमतो.

प्रश्न : पालकत्व घेतलं की मुलीचा मतदानाचा हक्क जातो, असं आमच्या सोसायटीत सांगतात.

चुकीचं सांगतात. मतदार यादीतून नाव वगळायला सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला मनोविकल जाहीर केलेलं असावं लागतं. स्थानिक समिती हे न्यायालय नाही. नाव नोंदवा. मतदान केंद्रात एकदा आधी नेऊन आणा, यंत्राच्या आवाजाला काही मुलं दचकतात. कुणाला मत द्यायचं ते मात्र तिला ठरवू द्या... हसताय, पण ते सगळ्यात अवघड आहे!

प्रश्न : मोठा मुलगा कॅनडात असतो. त्याला पालक म्हणून लावू का?

भावाला लावायला अडचण नाही, पण गुडघा दुखला तर दवाखान्यात कोण नेणार? आधी आई-वडील स्वतः पालक व्हा. भावाशी आजच बोला, त्याच्या बायकोसमोर बोला. "तू बघशीलच ना" असं गृहीत धरू नका. बघणार नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, कारण ते आत्ता कळलेलं बरं.

प्रश्न : अर्ज आई-वडील दोघांनी करायचा असं ऐकलं. माझे मिस्टर आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेले. घटस्फोट झालेला नाही. त्यांची सही कुठून आणू?

आणू नका. दोघांनी मिळून अर्ज करायचा हा नियम आहे, पण मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तता, जोडीदाराने सोडून जाणं किंवा तुरुंगवासाची शिक्षा, यांपैकी काही असेल तर एकट्याने करता येतो. सोडून गेल्याचं प्रतिज्ञापत्र करा. पोलिसांत तेव्हा काही नोंद केली असेल तर तिची प्रत लावा, रेशन कार्डात त्यांचं नाव कमी झालं असेल तर तेही. मुलगा किती वर्षांचा? सतरा आणि चार महिने. मग आपल्याकडे वेळ आहे. कागद घेऊन कार्यक्रमानंतर इथेच थांबा, आपण यादी करू.